ऑफिसचं फर्निचर : आखणी खुर्ची मागे ओढलेली धरून करा

प्रश्न थोडक्यात असा : ९ मीटर × ६ मीटरचा (साधारण ३० × २० फूट) मोकळा हॉल आहे. एका आखूड भिंतीला खिडक्या, समोरच्या आखूड भिंतीत कोपऱ्याला दार. वीस जण बसवायचे आहेत, सहा जणांची मीटिंग रूम हवी, फाइलींना कपाटं हवीत. फर्निचर कोणतं घ्यावं, कसं मांडावं, तयार घ्यावं की करून घ्यावं?

सुरुवात नकारानेच करावी लागते आहे. वीस जण आणि मीटिंग रूम अशा दोन्ही गोष्टी या हॉलमध्ये बसत नाहीत. सोळा जण आणि मीटिंग रूम बसते. किंवा वीस जण बसतात आणि मीटिंग रूमवर पाणी सोडायचं. कुणी वीस टेबलं आणि मीटिंग रूम असा नकाशा काढून दिला असेल, तर त्यातल्या खुर्च्या बघा. त्या सगळ्या टेबलाखाली सरकवलेल्या असतील. तसं ऑफिस फक्त रात्री असतं.

माणूस बसला की टेबलाच्या कडेपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत साधारण ६०० मिमी जातात. उठताना खुर्ची ८०० ते ९०० मिमीपर्यंत मागे येते. कपाटाचं दार किंवा ड्रॉवर उघडला की ४०० ते ४५० मिमी जातात आणि त्यापुढे उभ्या माणसाला आणखी ६०० लागतात. मांडणी या मापांवर करायची. टेबलं कुठेही बसवता येतात, खरा प्रश्न टेबलांच्या मधल्या जागेचा असतो.

रांगा कशा लावायच्या

खिडक्या आखूड भिंतीला आहेत, हे चांगलं आहे. स्क्रीन खिडकीला काटकोनात हवी. खिडकी पाठीशी असेल तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असेल तर डोळे दिपतात. म्हणून रांगा ९ मीटरच्या लांबीत लावायच्या आणि माणसांनी लांब भिंतींकडे किंवा एकमेकांकडे तोंड करून बसायचं.

टेबल १२०० × ६०० मिमीचं धरू. ६ मीटर रुंदीत चार रांगा मावतात. चार टेबलांची खोली २४०० झाली, उरले ३६०० मिमी. हे ३६०० कसे वाटायचे यावर सगळं ठरतं.

नेहमीची मांडणी म्हणजे समोरासमोर बसणाऱ्यांचे दोन जोडगट हॉलच्या मधे आणि भिंतींकडे पाठ. मग ३६०० चे तीन तुकडे होतात : भिंतीलगत ९००, मधे १८००, पुन्हा भिंतीलगत ९००. त्या ९०० मधले ६०० बसलेल्या माणसाने घेतले की उरले ३००. रांगेतल्या चौथ्या माणसाला पाणी आणायला जायचं तर तिघांना पुढे सरकायला सांगावं लागतं. दिवसातून दहा वेळा हे झालं की लोक उठणंच टाळतात.

दुसरी मांडणी अशी. दोन रांगा भिंतींना तोंड करून, आणि मधे समोरासमोरचा एकच जोडगट. आता तेवढ्याच ३६०० चे दोन तुकडे झाले, १८०० च्या दोन गल्ल्या. समोरासमोरच्या टेबलांमधल्या उभ्या पडद्याची (छोट्या पार्टिशनची) जाडी आणि भिंतीलगतची तारांची फट वजा केली तर प्रत्येकी १७५० च्या आसपास. दोन्हीकडची माणसं बसलेली असतानाही मधून एक जण जेमतेम सरळ चालत जातो. टेबलं तीच, संख्या तीच, एक चौरस सेंटिमीटर जागा वाढलेली नाही.

या मांडणीत भिंतीकडे तोंड केलेल्यांच्या स्क्रीन गल्लीतून सगळ्यांना दिसतात, हे खरं. हिशेब किंवा पगारपत्रकं पाहणाऱ्यांना तिथे बसवू नका, किंवा त्यांच्या स्क्रीनवर बाजूने न दिसणारी फिल्म लावा. काहींना पाठीमागून ये-जा चाललेली सोसत नाही. त्यांना गल्लीच्या खिडकीकडच्या टोकाला जागा द्यावी, तिथून पुढे कोणी जात नाही.

आता लांबीचा हिशेब. खिडकीलगत पडदे-झडपांना ३०० सोडा, चार टेबलांचे ४८००, त्यानंतर आडवी वाट १२०० (दोन्ही गल्ल्या या वाटेला मिळतात, म्हणून हिच्यात काटछाट नको), उरले २७००. या २७०० च्या पट्ट्यात ३६०० रुंदीची मीटिंग रूम आणि बाजूला दाराजवळ २४०० × २७०० मोकळी जागा. तिथे कपाटं, प्रिंटर आणि आल्या-गेल्याला दोन खुर्च्या. चार रांगा गुणिले चार, सोळा जण.

रांगेत पाचवं टेबल घातलं तर ६००० जातात, आडव्या वाटेनंतर फक्त १५०० उरतात. त्यात दार उघडेल आणि एक-दोन कपाटं लागतील, मीटिंग रूम नाही. टेबल १०५० चं करून पाचवं घुसवण्याचा मोह होतो. तरी मागे २२५० च उरतात आणि पार्टिशन धरलं की मीटिंग टेबलाभोवती खुर्चीही धड ओढता येत नाही.

व्हीलचेअर वापरणारं कोणी असेल, किंवा पुढे येईल असं वाटत असेल (तसं धरूनच चालावं), तर आडव्या वाटेलगतची जागा त्यांच्यासाठी. दारात आणि वाटेत किमान ९०० मिमी मोकळे हवेत, वळायला १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा हवी, आणि टेबलाखाली ७०० मिमी उंचीपर्यंत काही आडवं येता कामा नये.

हे सगळं कागदावर पटलं तरी ऑर्डर देऊ नका. हॉलमध्ये जाऊन जमिनीवर मास्किंग टेपने टेबलं, खुर्च्या आणि उघडी दारं खऱ्या मापात आखा. दोन-तीन खुर्च्या ठेवा, चौघांना एकाच वेळी उठायला लावा. नकाशात न दिसणारा खांब, भिंतीतून पुढे आलेला बीम, नको तिथे असलेला स्विचबोर्ड हे सगळं तासाभरात कळतं.

खुर्ची

पैसे कुठे जास्त घालावेत असा प्रश्न असेल तर उत्तर एकच : खुर्चीत. टेबल साधं चालतं. दिवसाचे आठ तास अंग टेकतं ते खुर्चीला.

सीटची उंची साधारण ४२० ते ५२० मिमी अशी बदलते. त्यासाठी जो गॅस लिफ्ट असतो त्याचा कमी उंचीचा प्रकारही मिळतो. ऑफिसमध्ये पाच फुटांच्या आसपास उंचीची माणसं असतील तर काही खुर्च्यांना तो मागून घ्या, नाहीतर खुर्ची अगदी खाली करूनही पाय लोंबकळतात. सीटची खोली मागे-पुढे सरकणारी हवी. पाठ टेकून बसल्यावर सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. सीट जास्त खोल असली की माणूस पाठ न टेकता पुढे येऊन बसतो, आणि मग कंबरेच्या आधाराचे दिलेले पैसे पाण्यात. तो आधार सीटपासून १५० ते २५० मिमी उंचीवर येतो. वर-खाली होणारा असेल तरच घ्या.

टिल्टचे (मागे रेलण्याच्या यंत्रणेचे) प्रकार विक्रेते भराभर सांगतात. साध्या सेंटर-टिल्टमध्ये मागे रेलताना सीटची पुढची कड वर उचलली जाते आणि पाय जमिनीवरून सुटतात. सिंक्रो-टिल्टमध्ये पाठ दोन अंश गेली तर सीट साधारण एक अंश जाते, पाय जमिनीवर राहतात. दिवसभर बसणाऱ्यांना सिंक्रोच घ्या. रेलण्याचा ताण वजनाप्रमाणे कमी-जास्त करायची चावी हाताला सहज लागते का, तेही पाहा. चावी सीटखाली खोल दडलेली असली की ती कोणी फिरवत नाही.

जाळीची पाठ घाम येणाऱ्या हवेत चांगली. जाळीची सीट मात्र नीट तपासा. जाळी सैल पडली की खालची कडक फ्रेम मांड्यांना टोचते. सीटला मोल्डेड फोम बरा. कापून चिकटवलेला हलका फोम काही महिन्यांत मधोमध दबतो आणि खालची प्लायची पाटी लागायला लागते. दुकानात दोन मिनिटं बसून निर्णय घेऊ नका. एक नमुना मागवा आणि सगळ्यात उंच, सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात वजनदार माणसाला त्यावर अर्धा-अर्धा दिवस काम करू द्या. माहितीपत्रकात बीआयएफएमए एक्स ५.१ (अमेरिकी मानक) किंवा ईएन १३३५ (युरोपीय मानक) प्रमाणे चाचणी झाल्याचा उल्लेख शोधा आणि अहवाल मागा. नुसतं ‘मानकांनुसार’ असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

चाकांकडे कोणी बघत नाही. गुळगुळीत टाइल किंवा लाकडी फरशीवर मऊ, पीयूचं (पॉलियुरेथेनचं) आवरण असलेली चाकं हवीत. कार्पेटवर कडक नायलॉनची. उलट झालं तर नायलॉन चाकं टाइलवर खडखडतात, उठताना खुर्ची पळते आणि लाकडी फरशीवर चरे पडतात. कार्पेटवर मऊ चाकं रुततात आणि माणूस पायाने ढकलत बसतो. ऑर्डरमध्ये फरशीचा प्रकार लिहून चाकं त्याप्रमाणे मागवा. खुर्ची तीच राहते.

आता खुर्चीच्या हातांचा प्रश्न. खुर्ची एका दुकानातून आणि टेबल दुसऱ्याकडून घेतलं की हमखास फसतो तो इथे. टेबलाची उंची ७५०, फळी २५ मिमीची, म्हणजे फळीची खालची बाजू ७२५ वर. फळीखाली ५० मिमीची लोखंडी पट्टी असेल तर ६७५ वर. सीट ४५० वर ठेवली आणि हात सीटपासून २३० वर असले तर त्यांची उंची झाली ६८०. पाच मिलिमीटरने हात त्या पट्टीवर आपटतात. खुर्ची आत जात नाही, माणूस टेबलापासून लांब बसतो आणि कीबोर्डसाठी पुढे वाकतो. सहा महिन्यांत टेबलाची पुढची कड कुरतडल्यासारखी दिसते. तेव्हा हात खाली-वर होणारे घ्या, आणि टेबलाची पट्टी पुढच्या कडेपासून निदान १५०-२०० मिमी आत आहे ना, ते बघा.

टेबल

स्थिर उंचीचं टेबल बहुतेक ७५० मिमीचं मिळतं. ते उंच माणसांना ठीक आहे. १६० सेंटिमीटर उंचीची व्यक्ती पाय जमिनीवर टेकवून बसली तर तिचं कोपर साधारण ६५० मिमीवर येतं. ७५० च्या टेबलावर टाइप करताना खांदे दिवसभर उचललेले राहतात. मानदुखीच्या तक्रारी बऱ्याचदा इथून निघतात आणि दोष खुर्चीला दिला जातो. करून घेत असाल तर ७२० ते ७३० ठेवा. उंच माणसाच्या टेबलाला लेव्हलर (पायाखालचे उंची जमवायचे स्क्रू) फिरवून २०-२५ मिमी वाढवता येतात. बुटक्या माणसाने खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली फूटरेस्ट, तोही उतार बदलणारा आणि न सरकणारा.

उंची बदलणारी टेबलं सगळ्यांना द्यायची गरज नाही. सोळांत तीन-चार ठेवून ज्यांना खरोखर लागतात त्यांना द्या. घ्यायची तर निदान ६५० ते १२५० पर्यंत जाणारी, दोन मोटरची. वरच्या टोकाला नेऊन कड धरून हलवून बघा, तिथे ती डुगडुगत असेल तर उभं राहून कोणी टाइप करणार नाही. आणि भिंतीची खिडकीपट्टी, शेजारचं पेडेस्टल (टेबलालगतचं ड्रॉवरचं छोटं कपाट), कपाट यांच्यापासून किमान २५ मिमी फट सोडा, म्हणजे बोटं चिमटणार नाहीत.

फळीची जाडी हा कंजूषपणा करायचा विषय नाही. मधोमध वजन ठेवलं तर वाक जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो : १८ मिमीऐवजी २५ मिमी घेतली की ताठपणा सुमारे २.७ पट. उलट, आधारांमधलं अंतर १२०० वरून १५०० केलं की वाक जवळजवळ दुप्पट. म्हणून १२०० पर्यंत २५ मिमीची फळी पुरते, त्यापुढे खाली लोखंडी बीम पाहिजेच. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतो, पहिल्या दिवशी सरळ दिसतो म्हणून भुलू नका.

फळीच्या वरच्या बाजूला लॅमिनेट लावलं की खालच्या बाजूलाही लावावं लागतं. स्वस्तात करणारे खालची बाजू कोरी ठेवतात. मग दमट हवेत फळी एका बाजूने फुगते आणि पाटासारखी सपाट राहायची ती होडीसारखी होते. हात टेकतो त्या कडेला २ मिमीची एजबँडिंग (कडेला चिकटवायची पट्टी) गोल करून घ्या. ०.८ मिमीची पट्टी कपाटाच्या आतल्या फळ्यांना ठीक आहे, टेबलाला नाही. बोर्ड ई१ या दर्जाचा किंवा त्याहून कमी फॉर्मल्डिहाइडचा आहे याचं पत्र घ्या. नवीन ऑफिसात डोळे चुरचुरतात त्याचं एक कारण तेच असतं.

पाय लोखंडी घ्या. बोर्डाचे पाय रोज ओल्या पोछ्याला लागतात आणि खालून फुगतात. त्यातून बोर्डाचेच घ्यायचे ठरले तर लेव्हलरवर २०-३० मिमी उचललेले असू द्या.

रंगाबद्दल एवढंच की चकचकीत पांढरा नको आणि चकचकीत काळाही नको. छतावरचे दिवे त्यात आरशासारखे दिसतात. मॅट आणि मध्यम रंग डोळ्याला सोसतो.

६०० खोलीच्या टेबलावर मॉनिटर स्वतःच्या स्टँडवर ठेवला तर तो नाकापाशी येतो, कारण स्टँडच २०० मिमी खातो. मॉनिटर हाताच्या अंतरावर, ५०० ते ७०० मिमीवर हवा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. तेव्हा ६०० च्या टेबलाला मॉनिटर आर्म (टेबलाला कसलेला, मॉनिटर उचलून धरणारा दुमडता दांडा) घ्यावाच लागतो. आर्मचं कोपर दुमडताना टेबलाच्या मागे येतं. भिंतीलगतच्या रांगेत ते भिंतीवर आपटतं. तिथे आर्म टेबलाच्या कोपऱ्यात लावून आडवा दुमडा, किंवा मॉनिटर थेट भिंतीवर घ्या. पार्टिकल बोर्डावर क्लॅम्प कसताना खाली-वर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर वर्षभरात बोर्ड तिथे चुरडतो. नुसत्या लॅपटॉपवर दिवसभर काम करणाऱ्यांना लॅपटॉप स्टँड आणि वेगळा कीबोर्ड द्या. बाकी कितीही चांगलं घेतलंत तरी ते नसेल तर मान खालीच राहणार.

तारा

फर्निचर आलं आणि मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं, असा क्रम ठेवलात तर गल्लीतून आडवी, तारा झाकणारी प्लास्टिकची रेसवे पट्टी जाणार हे नक्की. तिच्यावरून खुर्च्यांची चाकं जातात, लोक अडखळतात, पट्टी फुटते.

भिंतीलगतच्या दोन रांगांना भिंतीतून पुरवठा मिळतो, तिथे अडचण नाही. मधल्या आठ टेबलांना मात्र फरशीखालून किंवा छतातूनच येणार. फरशी अजून व्हायची असेल तर आडव्या वाटेखालून दोन पाइप टाकून घ्या, एक विजेचा, एक नेटवर्कचा, वेगवेगळे. फरशी झालेली असेल तर जोडगटाच्या टोकाला छतापासून टेबलापर्यंत येणारा पॉवर पोल. दिसायला फार देखणा नाही, पण ठेच लागत नाही.

दर टेबलाला चार सॉकेट आणि दोन नेटवर्क पॉइंट धरा. सॉकेटची पट्टी फळीखालच्या तारांच्या ट्रेमध्ये कायमची बसवा, म्हणजे टेबलाची सगळी उपकरणं ट्रेमध्येच जोडली जातात आणि जमिनीकडे विजेची एकच तार उतरते. तारा खाली सोडायचं, ग्रोमेटचं (प्लास्टिकच्या कड्याचं) ६० मिमीचं भोक मागच्या कडेजवळ पाडा. ते मधोमध पाडलं की कीबोर्डाखाली येतं. उंची बदलणाऱ्या टेबलाला ६०० मिमीच्या चढउताराला पुरेल इतकी सैल तार साखळीसारख्या मण्यांच्या नळीत द्या. ती आखूड राहिली तर एक दिवस टेबल वर जाताना प्लग उपटून घेऊन जातं.

कपाटं आणि ड्रॉवर

आधी फाइली मोजा, मग कपाटं ठरवा. जाड बॉक्स फाइलीचा कणा ७५ ते ८० मिमीचा असतो. ९०० मिमीच्या कप्प्यात अकरा बसतात, कप्प्यांमधलं अंतर ३५० मिमी लागतं. वजनाचा हिशेब कोणी करत नाही. ए४ कागदाचं ५०० पानांचं, ८० जीएसएमचं रिम अडीच किलोचं असतं. गच्च भरलेली बॉक्स फाइलही तेवढीच. अकरा फाइलींचा एक कप्पा २७ किलोच्या पुढे, पाच कप्प्यांचं कपाट १३५ किलोच्या वर आणि कपाटाचं स्वतःचं वजन वेगळं. १८ मिमी बोर्डाचा ९०० चा कप्पा या वजनाला वाकतोच. ७५० पर्यंत ठेवा किंवा खालून पट्टी द्या. कडा दुमडलेल्या पत्र्याचे कप्पे याबाबतीत बरे. रुळांवर सरकणारी कॉम्पॅक्टर कपाटं घ्यायची असतील तर स्लॅबची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय घेऊ नका.

उंच कपाट भिंतीला स्क्रूने अडकवा. फाइलींच्या ड्रॉवरला एका वेळी एकच उघडेल असं कुलूप हवं. भरलेले दोन ड्रॉवर एकदम ओढले की कपाट अंगावर येतं. चाकांच्या पेडेस्टलला खालच्या ड्रॉवरखाली पाचवं चाक असतं ते याचसाठी. ते नसलेलं घेऊ नका. दाराच्या कपाटापुढे १०५० मिमी जागा धरा. तेवढी नसेल तर सरकत्या दाराचं घ्या, मात्र त्यात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

कपाटं छताला भिडवू नका. स्प्रिंकलर (आग विझवणारे छतावरचे पाण्याचे फवारे) असतील तर त्यांच्या खाली साधारण ४५० ते ५०० मिमी मोकळं लागतं, आणि एसीची परतीची हवा अडली की खोलीचं एक टोक गार आणि दुसरं उबट राहतं.

मीटिंग रूम

वरच्या आखणीत पार्टिशन वजा जाता आत साधारण ३५०० × २६०० मिळतात. त्यात १८०० × ९०० चं टेबल ठेवलं की चारही बाजूंना ८५० राहतात. दर माणसी ६०० धरून दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन, एकूण सहा. बसायला-उठायला ८५० पुरतात, बसलेल्यांच्या मागून जायला नाही. म्हणून दार टेबलाच्या टोकाकडे येऊ द्या आणि स्क्रीन समोरच्या आखूड भिंतीवर. टेबलाचे पाय चार कोपऱ्यांना नकोत, आत घेतलेले किंवा मधोमध. कोपऱ्यातल्या माणसाचे गुडघे वाचतात. काचेचा टॉप घेऊ नका. आवाज घुमतो आणि बोटांचे ठसे पुसण्यात दिवस जातो. इथल्या खुर्च्या चाकांच्या, पण आखूड हातांच्या किंवा बिनहाताच्या.

मोठं टेबल असेल तर ते लिफ्टमध्ये आणि जिन्याच्या वळणावर मावतं का हे आधी मोजा. २४०० ची अखंड फळी बहुतेक लिफ्टमध्ये जात नाही. दोन तुकड्यांत घेऊन सांध्याखाली बीम द्या.

पाहुण्यांच्या सोफ्याबद्दल एक ओळ : सीट ४२० मिमीहून खाली नको, वयस्कर माणसाला हात धरून उठवावं लागतं.

उजेड, हवा, आवाज

टेबलावर ५०० लक्स उजेड हवा. दिव्यांच्या लांबट पट्ट्या रांगांना समांतर, गल्लीच्या वर आल्या तर सावली हातावर पडत नाही आणि स्क्रीनमध्ये दिवा दिसत नाही. एसीच्या थेट झोताखाली कोणाचंही डोकं येऊ देऊ नका. ती जागा तुम्ही दिलीत तरी आठवडाभरात कोणीतरी झोतापुढे पुठ्ठा चिकटवतं.

टेबलांमधल्या पडद्याची उंची जमिनीपासून मोजतात. बसलेल्या माणसाचे डोळे १२०० च्या आसपास असतात. १२०० च्या पडद्यावरून माणसं एकमेकांना दिसतात, १३५० ला दिसत नाहीत. आवाज थांबेल म्हणून उंच पडदे घेत असाल तर पैसे वाचवा : आवाज छतावरून फिरून येतो. तो कमी करायचा तर छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स, जमिनीला कार्पेट, आणि सतत फोनवर बोलणाऱ्यांची जागा वेगळी. सोळांतले जे कोणी दिवसभर फोनवर असतात ते दाराकडच्या टोकाला, लिहिण्या-वाचण्याचं काम करणारे खिडकीकडे.

तयार की करून

खुर्च्या आणि वर्कस्टेशन तयार, मॉड्युलर घ्या. कारखान्यात दाबून बसवलेली एजबँडिंग आणि यंत्राने पाडलेली भोकं जागेवर तशी होत नाहीत, आणि पुढे माणसं वाढली की त्याच मापाची टेबलं पुन्हा मिळतात. कपाटांची भिंत, रिसेप्शन, खांबाभोवतीचं काही असेल तर ते सुताराकडून जागेवर. मॉड्युलर टेबलं मिनिफिक्सने (बोर्डाच्या भोकात बसवून फिरवून कसायच्या खिळीने) जोडलेली असतात. पार्टिकल बोर्डात ती तीन-चारदा उघडून पुन्हा जोडली की भोकं सैल होतात. ऑफिस हलवण्याची शक्यता असेल तर जोड धातूच्या आट्यांचे, बोर्डात पितळी किंवा लोखंडी इन्सर्ट बसवलेले मागा.

सोळा टेबलांची ऑर्डर देण्यापूर्वी एक पूर्ण जोडी, तारांसकट, जागेवर उभी करून घ्या. फेरफार तिच्यावर करा आणि मंजूर नमुना शेवटपर्यंत ठेवून घ्या, बाकीचा माल त्याच्याशी ताडून बघता येतो. कोटेशनमध्ये फळीची जाडी, दोन्ही बाजूंचं लॅमिनेट, एजबँडिंगची जाडी, पत्र्याचा गेज (जाडी), ड्रॉवर चॅनेलची (ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांची) वजनक्षमता, चाकांचा प्रकार हे सगळं लिहून घ्या. ‘उत्तम दर्जाचे’ हे शब्द दिसले की खोडून तिथे आकडा लिहायला लावा.

माल उतरवून घेताना प्रत्येक टेबल कडेला धरून हलवा, लेव्हलर तिथेच जमवून घ्या. प्रत्येक ड्रॉवर पूर्ण ओढून पाहा. खुर्च्या सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली करून दहा मिनिटं बसा. खराब गॅस लिफ्ट असेल तर ती तेवढ्यात खाली यायला लागते. ड्रॉवरच्या दोन-दोन किल्ल्या, त्यांचे क्रमांक, काही जास्तीची चाकं आणि एजबँडिंगचा त्याच रंगाचा एक गुंडाळा मागून ठेवा. वर्षभराने तो रंग मिळेलच असं नाही.